पिंजौरची सहा चिन्हे आणि तीन अक्षरे

चंडीगडहून सिमल्याकडे जाणाऱ्या वाटेवर, कालका येण्याच्या थोडे आधी, पिंजौर लागते. सतराव्या शतकात फिदाई खानाने उभारलेली, टप्प्याटप्प्यांनी उतरत जाणारी मोगल बाग आणि एचएमटीचा कारखाना यांसाठी हे गाव ओळखले जाते. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची विभागणी झाली आणि पिंजौर हरियाणात गेले. आज गावाचे नाव इकडे देवनागरीत लिहिले जाते आणि जवळच्याच पंजाबात गुरुमुखीत. उच्चार एक, लिप्या दोन. संगणकाला मात्र या नावात उच्चारही दिसत नाही आणि लिपीही दिसत नाही. त्याच्या लेखी ती सहा आकड्यांची एक रांग आहे : २३४६, २३६७, २३०६, २३३२, २३८०, २३५२.

हे आकडे अनुक्रमे प, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ज, औकाराची खूण आणि र यांचे आहेत. शाळेतले मूल हेच नाव पिं, जौ, र असे तीन अक्षरांत मोजेल. सहा आणि तीन यांमधले हे अंतर प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नातून भेटते : जाव्हा भाषेत चिन्हांची रांग, म्हणजे कॅरेक्टर ॲरे, वाचता येईल अशा मजकुरात कशी बदलायची? उत्तर एका ओळीचे आहे. त्या ओळीमागचा इतिहास मात्र चार दशकांचा असून त्यातली काही महत्त्वाची पाने कानपूर आणि पुणे येथे लिहिली गेली.

आधी ती एक ओळ. जाव्हातील मूळ चिन्ह-प्रकाराचे नाव ‘कॅर’. (काही जण त्याला ‘चार’ म्हणतात, मराठीत तो उच्चार संख्येशी घोटाळा करतो.) अशा सहा कॅरांची ॲरे हातात असेल, तर ती ‘स्ट्रिंग’ या वर्गाच्या रचनाकाराला द्यावी किंवा त्याच वर्गाच्या ‘व्हॅल्यू-ऑफ’ या पद्धतीला द्यावी, ‘पिंजौर’ हा मजकूर मिळतो. विद्यार्थी मात्र प्रथम वेगळाच मार्ग धरतो. तो ॲरेलाच ‘टू-स्ट्रिंग’ ही पद्धत लावतो, किंवा ‘गाव : ’ या मजकुरापुढे अधिक चिन्ह देऊन ॲरे जोडतो. पडद्यावर गावाचे नाव येत नाही. एक चौकोनी कंस, रोमन सी, ॲट चिन्ह आणि मागे काही अंक-अक्षरांचा घोळका एवढेच उमटते.

ते दिसते तसे निरर्थक नसते. चौकोनी कंसाचा अर्थ ‘एक मितीची ॲरे’, आणि सी म्हणजे कॅर; जाव्हाचे आभासी यंत्र आपल्या अंतर्गत व्यवहारात या प्रकाराला याच नावाने ओळखते. ॲटनंतरचा घोळका हा त्या वस्तूचा ‘हॅश’ क्रमांक असून तो सोळाच्या पायावर लिहिलेला असतो. पुष्कळ पाठ्यटिपणांत त्याला स्मृतीतील पत्ता म्हटले जाते. ते तितकेसे खरे नाही. जाव्हातील प्रत्येक ॲरे ही एक वस्तू आहे आणि ‘टू-स्ट्रिंग’ तिला ‘ऑब्जेक्ट’ या आद्य वर्गाकडून वारशाने मिळते. त्या आद्य वर्गाला आपल्या वंशजाच्या पोटात काय आहे हे ठाऊक नसते. म्हणून तो फक्त कूळ आणि क्रमांक सांगतो.

गोंधळात भर घालणारी एक सवलतही भाषेच्या रचनाकारांनी ठेवली. छपाईच्या आज्ञेला कॅरांची ॲरे एकटीच दिली, तर ती नीट छापली जाते, कारण तेवढ्यासाठी त्या आज्ञेचे खास रूप लिहिलेले आहे. पूर्णांकांच्या ॲरेला ही सवलत नाही, आणि कॅरांच्या ॲरेलाही मजकुराला जोडताच ती संपते. विद्यार्थ्याला वाटते की आपला प्रोग्राम कालपर्यंत चालत होता आणि आज एका अधिक चिन्हाने बिघडला. वस्तुतः काल त्याने वापरलेला दरवाजा वेगळा होता.

मग ॲरे आणि स्ट्रिंग एकच का ठेवल्या नाहीत? जाव्हाच्या आधीच्या पिढीत, म्हणजे सी भाषेत, त्या एकच होत्या. सीमधला मजकूर म्हणजे ओळीने मांडलेले बाइट आणि शेवटी शून्य. शून्य पडायचे राहिले की वाचणारा प्रोग्राम पुढच्या स्मृतीत भरकटत जाई, आणि कितीतरी सुरक्षा-छिद्रे याच चुकीतून जन्मली. १९९१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या भाषेचे काम सुरू केले, तेव्हा त्यांनी मजकुराला ॲरेपासून वेगळे केले. स्ट्रिंग एकदा घडली की बदलत नाही. ॲरे कोणीही केव्हाही बदलू शकतो. म्हणूनच ॲरेपासून स्ट्रिंग करताना आतल्या चिन्हांची नक्कल केली जाते. मूळ ॲरेत नंतर कितीही खाडाखोड झाली, तरी घडलेल्या मजकुराला धक्का लागत नाही.

या अढळपणाची दुसरी बाजू सांकेतिक शब्दांच्या बाबतीत दिसते. जाव्हाच्या संहितेत वापरकर्त्याने टाइप केलेला पासवर्ड जाणीवपूर्वक कॅरांच्या ॲरेच्या रूपात परत दिला जातो. काम झाल्यावर प्रोग्रामने त्या ॲरेत शून्ये भरावीत आणि पासवर्ड स्मृतीतून पुसून टाकावा, अशी त्यामागची योजना असते. स्ट्रिंग पुसता येत नाही. तेव्हा ‘वाचनीय’ रूपांतराच्या हौसेने पासवर्डाची स्ट्रिंग करणारा विद्यार्थी, रचनाकारांनी मुद्दाम उघडी ठेवलेली पळवाट स्वतःच्या हाताने बुजवतो.

हे सारे रोमन मजकुरालाही लागू आहे. देवनागरीची कथा येथून वेगळी होते, आणि तिच्यासाठी जाव्हाच्या बऱ्याच मागे जावे लागते.

टंकयंत्राच्या काळात देवनागरी मजकूर म्हणजे आकारांची रांग होती. कागदावर जे डावीकडे दिसे, ते आधी टाइप होई. ‘पिंजौर’ची वेलांटी पाच्या डावीकडे दिसते, म्हणून टंकलेखक आधी वेलांटी मारी आणि मग प. बोलताना मात्र कोणीही आधी इकार उच्चारून मग प म्हणत नाही. संगणकात मजकूर कोणत्या क्रमाने साठवायचा, डोळ्याच्या की कानाच्या, हा प्रश्न सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभा राहिला. आयआयटी कानपूर येथे आर. एम. के. सिन्हा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कानाच्या बाजूने कौल दिला. साठवण उच्चाराच्या क्रमाने करायची. वेलांटी डावीकडे नेणे, जोडाक्षर घडवणे, रफार माथ्यावर चढवणे ही कामे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रणेवर सोपवायची. १९८३ मध्ये दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात या विचारावर आधारलेला देवनागरी संगणक लोकांसमोर मांडला गेला.

कानपूरच्या या कामात असलेले मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. १९८८ साली स्थापन झालेली ही संस्था परम महासंगणकासाठी प्रसिद्ध पावली. तिच्याच ‘जिस्ट’ गटाने भारतीय लिप्यांचे काम पुढे नेले, याची आठवण तुलनेने कमी निघते. त्या काळच्या वैयक्तिक संगणकांत जिस्टचे कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रामांतही भारतीय लिप्या उमटू लागत. या साऱ्याच्या मुळाशी असलेली सांकेतिक सारणी ‘इस्की’ या नावाने ओळखली जाते. तिची १९८८ची आवृत्ती पुढे सुधारली गेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारली.

इस्कीची कल्पना धाडसी होती. ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच आहे, तर संकेतही एकच असावा, असे तिचे म्हणणे. ‘क’साठी एकच आकडा; तो देवनागरीत दाखवायचा, गुरुमुखीत की तेलुगूत, हे सांगणारी खूण वेगळी. या व्यवस्थेत पिंजौर म्हणजे सहा बाइट, आणि लिपी बदलण्यासाठी त्यांतला एकही बदलायची गरज नव्हती.

अमेरिकेत याच सुमारास दुसरा प्रयत्न चालू होता. झेरॉक्सच्या जो बेकर यांनी १९८८ मध्ये जगातील सर्व आधुनिक लिप्यांसाठी सोळा बिटांचा एकच संकेत सुचवला आणि त्याला युनिकोड हे नाव दिले. सोळा बिट म्हणजे ६५,५३६ जागा. आजच्या वापरातल्या लिप्यांना तेवढ्या पुरतील असा हिशेब होता. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यातील देवनागरीचा विभाग १९८८च्या इस्कीवरून घेतला गेला, वर्णांचा क्रमही तोच राहिला. फरक एवढाच की युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिले : देवनागरीला २३०४ पासून १२८ जागा, पुढच्या १२८ बंगालीला, त्यापुढच्या गुरुमुखीला.

घरे वेगळी झाली तरी खोल्यांची मांडणी सारखीच राहिली. त्यामुळे देवनागरीतील कोणत्याही वर्णात २५६ मिळवले की सामान्यतः गुरुमुखीतील तोच वर्ण मिळतो. जाव्हात हे रूपांतर एका लहानशा आवर्तनात बसते. ॲरेतील प्रत्येक कॅरात २५६ मिळवायचे, बेरजेनंतर तो पुन्हा कॅर करायचा (हे विसरले तर चिन्हाऐवजी नुसता २६०२ छापला जातो, कारण बेरीज होताच कॅरचा पूर्णांक होतो) आणि शेवटी स्ट्रिंग घडवायची. पिंजौरच्या सहा आकड्यांवर हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. निघालेले गुरुमुखी नाव पंजाबी वाचकाला वाचता येते. पण तो लगेच म्हणेल की एक चिन्ह चुकले. गुरुमुखीत अनुनासिकासाठी दोन खुणा आहेत, बिंदी आणि टिप्पी. ऱ्हस्व वेलांटीनंतर टिप्पी येते. २५६ मिळवल्याने मिळाली बिंदी, २५६२. हवी होती टिप्पी, २६७२. सहापैकी पाच बरोबर.

मराठी वाचकाला या दोन लिप्यांची शेजारणी नवी नाही. नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत आणि ती गुरुमुखीत आहेत. ‘नामदेव’ हे नाव २५६च्या बेरजेतून अगदी बिनचूक पार पडते. ‘विठ्ठल’ मात्र अडखळतो, कारण द्वित्त दाखवायला गुरुमुखी अक्षराखाली अक्षर न लावता अद्दक नावाची खूण आधी मांडते. ‘ष’साठी तर गुरुमुखीच्या घरात त्या जागी खोली रिकामीच आहे. वर्णमाला समान असली तरी लेखनाच्या चालीरीती समान नसतात. इस्कीच्या सुंदर कल्पनेची मर्यादा येथे उघडी पडते.

जाव्हा २३ मे १९९५ रोजी जाहीर झाली आणि जानेवारी १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती वापरात आली. तिच्या रचनाकारांनी युनिकोड सुरुवातीपासूनच स्वीकारला आणि कॅर सोळा बिटांचा ठेवला. त्या काळी हे दूरदृष्टीचे पाऊल होते; सीमधला चिन्ह-प्रकार एका बाइटाचा होता आणि त्यात देवनागरी मावण्याची सोय नव्हती. एक कॅर म्हणजे जगातले कोणतेही एक चिन्ह, असे हे साधे समीकरण होते. ते सहा महिने टिकले.

जुलै १९९६ मध्ये युनिकोडची दुसरी आवृत्ती आली. चिनी-जपानी लिप्यांचा आणि ऐतिहासिक लिप्यांचा पसारा पाहता ६५,५३६ जागा पुरणार नाहीत हे तोवर स्पष्ट झाले होते. उपाय असा निघाला : मूळ जागांपैकी ५५२९६ ते ५७३४३ या २,०४८ जागा बाजूला काढायच्या, त्यांचे १,०२४चे दोन गट करायचे, आणि पहिल्या गटातला एक व दुसऱ्यातला एक अशा जोडीने एक नवे चिन्ह दर्शवायचे. १,०२४ गुणिले १,०२४, म्हणजे १०,४८,५७६ नव्या जागा. या जोडीतल्या प्रत्येक अर्ध्या भागाला ‘सरोगेट’ म्हणतात. एकटा सरोगेट म्हणजे काहीच नाही; फाडलेल्या हुंडीच्या अर्ध्या तुकड्याइतकीच त्याची किंमत.

जाव्हातील कॅर सोळा बिटांचाच राहिला, कारण तो बदलला असता तर लिहिलेले सारे प्रोग्राम मोडले असते. २००४च्या सप्टेंबरात आलेल्या पाचव्या आवृत्तीने ‘कोड पॉइंट’ मोजणाऱ्या नव्या पद्धती शेजारी आणून ठेवल्या. जुनी लांबी कॅर मोजत राहिली, नवी मोजणी खरी चिन्हे मोजू लागली. देवनागरी मूळच्या ६५,५३६ मध्येच असल्याने मराठी प्रोग्रामरला हा सारा खटाटोप परक्यांचा वाटणे स्वाभाविक होते.

तो परक्यांचा राहिला नाही, याचे कारण मोडी. शतकानुशतके मराठीचा दप्तरी व्यवहार याच लिपीत झाला. पेशवे दप्तरातील रुमाल, भारत इतिहास संशोधक मंडळातील कागद, तंजावरच्या सरस्वती महालातील मराठी नोंदी यांतले कितीतरी लेखन मोडीत आहे. मोडीची प्रकृतीच ॲरेच्या विरुद्ध. आधी आडवी रेघ ओढायची, मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे एकमेकांत ओवत जायची. शब्दांमध्ये जागा सोडायची रीत नाही. अशा लिपीला सुट्या आकड्यांत मांडण्याचा सविस्तर प्रस्ताव अंशुमन पांडे यांनी २०११ मध्ये युनिकोडपुढे ठेवला आणि जून २०१४ मध्ये सातव्या आवृत्तीत मोडीची ७९ चिन्हे दाखल झाली. त्यांचा विभाग ७११६८ या क्रमांकापासून सुरू होतो. ६५,५३६ची सीमा तेव्हा कधीच भरली होती, म्हणून मोडीला घर मिळाले ते वेशीबाहेर.

याचा परिणाम ॲरेत स्पष्ट दिसतो. देवनागरीतील ‘अ’ हा एक कॅर आहे. मोडीतील ‘अ’ म्हणजे ५५३०१ आणि ५६८३२ हे दोन कॅर. देवनागरीतील ‘पिंजौर’ची ॲरे सहा लांबीची, मोडीतील बारा लांबीची. एखाद्या विद्यार्थ्याने मोडी मजकुराची ॲरे घेऊन ‘पहिली सात चिन्हे’ कापली, तर चौथ्या चिन्हाचे दोन तुकडे होतात आणि मागे राहिलेला तुकडा प्रश्नचिन्ह किंवा रिकामा चौकोन म्हणून उमटतो. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जाव्हा ८ला तर मोडी ठाऊकच नव्हती; ‘हे अक्षर आहे काय?’ या प्रश्नाला ती ‘नाही’ असे उत्तर देई. सप्टेंबर २०१७ मधील जाव्हा ९ने हे उत्तर बदलले.

योगायोग असा की त्याच जाव्हा ९ने स्ट्रिंगच्या पोटातील कॅरांची ॲरेही काढून टाकली. तिथे आता बाइटांची ॲरे असते. सारा मजकूर पश्चिम युरोपीय चिन्हांत बसत असेल तर प्रत्येकी एक बाइट, अन्यथा सर्वांना दोन-दोन. इंग्रजी मजकुराची जागा निम्म्यावर आली. लांबलचक इंग्रजी परिच्छेदात एकच ‘प’ शिरला, तर ही सवलत साऱ्या परिच्छेदाची जाते.

लांबी मोजणे हा एक प्रश्न. दोन मजकूर एकच आहेत की नाहीत हे ठरवणे त्याहून अवघड. ‘ॲरे’ हा शब्दच पाहावा. त्यातील पहिले अक्षर आज एका चिन्हाने लिहिता येते, क्रमांक २४१८. मराठीच्या गरजेसाठी ते एप्रिल २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये आले. त्याआधी ‘अ’वर चंद्राची खूण चढवून काम भागवले जाई आणि अनेक कळफलक आजही तसेच करतात. पहिल्या रीतीने ‘ॲरे’ तीन कॅरांची, दुसरीने चार कॅरांची. डोळ्याला दोन्ही सारख्या. जाव्हाला विचारले तर दोन्ही वेगळ्या, आणि युनिकोडच्या नियमांतही या दोहोंना समान मानण्याची तरतूद नाही.

‘दऱ्या’मधला अर्धा र हा तसाच एक मराठमोळा पेच आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. भेद केवळ एका र-च्या रूपात. इस्कीने यासाठी नुक्त्याच्या र-ला हलन्त देण्याची रीत घातली आणि युनिकोडने ती पाळली. परंतु युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीतली जुनी रीत, म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह, हीदेखील मान्य राहिली. एकाच गावाच्या नोंदवहीत ‘दऱ्या’ दोन रीतींनी लिहिलेला असेल, तर एका रीतीने शोध घेणाऱ्याला दुसरीतली नोंद मिळत नाही. अदृश्य चिन्ह पडद्यावर दिसत नसल्याने दोष कुठे आहे हेही कळत नाही. ॲरेतले आकडे एकेक करून छापले, म्हणजे मजकूर मुद्दाम अवाचनीय केला, की मगच तो सापडतो.

याहून मोठी गाठ जुन्या फॉन्टांची आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी पुस्तके, मासिके आणि कार्यालयीन कागद श्रीलिपीसारख्या प्रणालींत जुळवले जात. अशा फॉन्टांत देवनागरीचे आकार रोमन चिन्हांच्या जागी बसवलेले असत आणि क्रम टंकयंत्रासारखा डोळ्याचा असे. त्या फायलीतून घडवलेली जाव्हा-स्ट्रिंग तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असते, फक्त तिच्यात मराठी नसते. मूळ फॉन्ट काढून घेतला की रोमन अक्षरांचा कचरा उरतो. ती युनिकोडमध्ये आणायची तर प्रत्येक आकाराला त्याचा वर्ण नेमून द्यावा लागतो, वेलांटी उचलून व्यंजनाच्या मागे ठेवावी लागते आणि रफार उलट पुढे आणावा लागतो, कारण ‘वर्ग’मधला र कानाला ग-च्या आधी ऐकू येतो आणि डोळ्याला नंतर दिसतो. कानपूरला ज्या दोन क्रमांतून एकाची निवड झाली, त्यांतला नाकारलेला क्रम अशा फायलींत अजून जिवंत आहे.

आता पुन्हा सहा आणि तीन यांच्याकडे. ‘पिंजौर’ उलटे लिहा असे सांगितले, तर ॲरे मागून पुढे वाचणारा विद्यार्थी ‘रौजं’ छापतो आणि पुढे एक निराधार वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसते. औकार ज-ला सोडून र-वर जाऊन बसतो. जाव्हाची तयार उलटण्याची पद्धत सरोगेटांच्या जोड्या सांभाळते; मात्रा-वेलांट्यांची जबाबदारी ती घेत नाही. अपेक्षित उत्तर ‘रजौपिं’ हवे असेल, तर तुकडे कॅरांचे न पाडता वाचकाला जाणवणाऱ्या अक्षरांचे पाडावे लागतात. युनिकोडमध्ये अशा तुकड्याला ‘ग्राफीम क्लस्टर’ म्हणतात. जाव्हा ९च्या नमुना-शोधात त्याची सोय झाली आणि पिंजौरचे तीन तुकडे नीट पडू लागले.

जोडाक्षरांवर मात्र हा नियमही अडला. ‘महाराष्ट्र’ ही दहा चिन्हांची ॲरे आहे. ग्राफीम क्लस्टरच्या जुन्या व्याख्येनुसार तिचे सहा तुकडे पडत : म, हा, रा, ष्, ट्, र. कोणताही मराठी शिक्षक चार सांगेल. हलन्तानंतरचे व्यंजन त्याच अक्षरात मोजावे, हा साधा व्याकरणनियम युनिकोडच्या मूळ नियमावलीत आला तो सप्टेंबर २०२३ मध्ये, आवृत्ती १५.१ सोबत. इस्कीचे भारतीय मानक झाल्याला तेव्हा ३२ वर्षे उलटली होती. मार्च २०२४ मध्ये जाव्हा २२ने ही आवृत्ती स्वीकारली.

१५.१च्या त्या नियमात सहा लिप्या होत्या : देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम. मोडी त्यांत नव्हती. त्यामुळे ‘महाराष्ट्र’ हा शब्द मोडीत लिहिला, तर तो ४० बाइटांचा, २० कॅरांचा आणि १० चिन्हांचा होतो, आणि त्या नियमाने मोजल्यास त्याची अक्षरे सहाच भरतात.